सांबऱ्याचं विरजण

गोविंद झोरे एसटीतून उतरून कीटक संशोधन केंद्राच्या फाटकाशी आले, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. खांद्यावर घोंगडी, पायात कापशी पायताण, हातात कापडी पिशवी. रखवालदाराने नाव विचारलं तर म्हणाले, "बाईंस्नी सांगा, किंजळीच्या घळीतनं माणूस आलाय."

वैजयंती सामंत वरच्या खिडकीतून पाहत होती. तीन वर्षांत हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती दोनदा त्यांच्या वाडीवर जाऊन आली होती. दोन्ही वेळा झोरेमामा गुरं घेऊन रानात गेलेले, आणि घरच्यांनी चहा पाजून तिची बोळवण केलेली. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते आपणहून घाट उतरून आले होते, म्हणजे काम साधं नव्हतं.

आत आल्यावर ते बसले नाहीत. पिशवीतून कुजक्या लाकडाचं एक ढेकूळ काढून त्यांनी तिच्या टेबलावर, कागदांवरच ठेवलं.

"ह्यात बघा."

"मामा, आधी बसा तरी. पाणी आणते."

"पानी पिऊन आलोय. बघा तुमी."

तिने भिंग घेतलं. लाकूड हाताने चुरता येईल इतकं मऊ होतं, ओल बेताची होती, अळीला हवं तसं. आत बोगदे होते, पण बोटभर लांबीचेसुद्धा नाहीत. प्रत्येक बोगद्याच्या टोकाला एक सुकून आक्रसलेली अळी, डोकं मोहरीएवढं. तिने अकरा मोजल्या. एकीनेही पहिली कात टाकली नव्हती.

"कुठलं हे?"

"पल्याडच्या उताराचं. तुमचे बाटलीतले भुंगे सोडत्यात तिथलं. दिव्यावर ढिगानं येत्यात, तुमची मान्सं फोटू काढून दमली. पर पोरं न्हाईत, बाई. तीन वर्सं उरलंसुरलं ओंडकं उकरून बघतोय. सांबऱ्या हाय, सांबऱ्याची पोरं न्हाईत."

एवढं बोलून ते वळले. परतीची गाडी साडेदहाला होती. तिने हाक मारली, पण जिन्यावरून पायताणांचा करकर आवाज खाली गेला तो गेलाच.

सांबऱ्या हे त्या भुंग्याचं वाडीवरचं नाव. अर्ध्या वितीपेक्षा थोडा कमी लांब, काळाकुळकुळीत, आणि नराचे जबडे सांबराच्या शिंगांसारखे पुढे आलेले. पुस्तकातलं लॅटिन नाव वैजयंतीला पाठ होतं, पण बत्तीस वर्षांपूर्वी ती घळीत पहिल्यांदा आली तेव्हा जिवंत सांबऱ्या तिने एकही पाहिला नव्हता. सत्तावीस वर्षांची, नव्या बुटांतली, पाठीवर मापाच्या नळ्या आणि जाळी. वनमजूर म्हणून तिच्यासोबत दिलेल्या झोरेंनी तिच्या सामानाकडे पाहून विचारलं होतं, "बाई, भुंगा बघायचाय का धरायचाय?"

"दोन्ही," ती म्हणाली होती.

"मग आधी बघायला शिका."

त्यांनी तिला सांबऱ्याचं वर्ष शिकवलं. मृगाच्या सुमारास नर बाहेर पडतात आणि ज्या झाडाच्या जखमेतून रस पाझरतो तिथे जमतात. तिथे त्यांच्या झुंजी लागतात, एक दुसऱ्याला जबड्यात उचलून खाली टाकतो, आणि पडलेला पुन्हा खोड चढायला लागतो. मामा अशा वेळी शेजारी उकिडवे बसून कुस्तीच्या फडातल्यासारखं हळूच म्हणायचे, "हाण. आता खालनं घाल." श्रावणात माद्या पडलेल्या किंजळीच्या झाडाच्या ओंडक्याखाली शिरून अंडी घालायच्या. मग कुठे काही दिसायचं नाही. लोकांना वाटायचं भुंगे संपले. मामा म्हणायचे, संपले नाहीत, घरात गेलेत. चार वर्षं अळी त्या ओंडक्यात लाकूड खात राहते, मग त्यातच लाकडाच्या भुशाची, कोंबडीच्या अंड्याएवढी खोली बांधून कोष करते, आणि पुढच्या मृगाला पंख घेऊन बाहेर येते. बाहेरचं आयुष्य महिना-दीड महिन्याचं.

थंडीत दोघं ओंडक्याला कान लावून पडायची. अळ्या पायावर पाय घासतात, त्याची कुरकुर ऐकू येते. पहिल्या वर्षी वैजयंतीला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी आलं, तेव्हा ती इतका वेळ तशीच पडून राहिली की मामांनी येऊन तिच्या अंगावर घोंगडी टाकली. उन्हाळ्यात वणव्याची भीती. फाल्गुनापासून दोघं वाडीच्या बायामाणसांना घेऊन घळीभोवती पाचोळा ओढून पट्टा मोकळा करायची, आणि दुपारी मामांच्या घरची ताक-भाकरी खाऊन करवंदीच्या सावलीत पाठ टेकायची. अशी एकोणीस वर्षं गेली. त्या काळात तिचं लग्न ठरून मोडलं, आई गेली, केंद्रात बढती मिळाली. पण तिला विचारलं असतं की तुझं आयुष्य कुठे गेलं, तर तिने त्या घळीचंच नाव घेतलं असतं.

तिने बाटली शोधली तीही सांबऱ्यासाठीच. एका वर्षी वणवा पट्टा ओलांडून आत आला आणि घळीतले निम्मे ओंडके राख झाले. चार-चार वर्षं वाढलेल्या अळ्या एका दुपारी गेल्या. मामा राखेतून हिंडत होते, एकेक ओंडका उलथत होते. त्या दिवशी वैजयंतीने ठरवलं की हा प्राणी एका काडीच्या भरवशावर ठेवायचा नाही.

तिची पद्धत तशी सोपी होती. लाकूड पचायला जड. रानात बुरशी आधी ते हळूहळू कुजवते, म्हणून अळीला चार वर्षं लागतात. वैजयंतीने भरभर कुजवणारी एक बुरशी निवडीने तयार केली, तिच्यावर भुसा मुरवला आणि तो पारदर्शक बाटल्यांत भरला. प्रत्येक बाटलीत एक अळी. ऊब, ओल, हवा सगळं यंत्राच्या ताब्यात. अळीला आयतं पचलेलं अन्न मिळालं आणि चार वर्षांचं काम अकरा महिन्यांत झालं. पद्धतीच्या कागदावर बारा पायऱ्या होत्या. सातव्या पायरीचा तिला विशेष अभिमान होता. कोष झाला की भुशाची खोली फोडून तो बाहेर काढायचा आणि निर्जंतुक केलेल्या मऊ खोबणीत ठेवायचा. त्यामुळे गोचिडीसारख्या बारीक किडींचा उपद्रव संपला आणि शंभरातले नव्वद भुंगे जगायला लागले.

पहिल्या वर्षी दोनशे भुंगे झाले. पाचव्या वर्षी चाळीस हजार. केंद्राला पुरस्कार मिळाला. वैजयंतीने ती बातमी घेऊन आधी वाडी गाठली होती, आणि मामांनी तिच्या हातावर गूळ ठेवला होता.

मग लाकूडगोळ्यांचा कारखाना आला. कोळशाच्या भट्ट्या बंद होत होत्या आणि त्यांच्या जागी कुजकं, पडकं लाकूड दाबून केलेल्या गोळ्या जाळायचं धोरण ठरलं होतं. जंगलातलं मेलेलं लाकूड म्हणजे कचराच, तो उचलला तर वणवेही कमी होतील, असा हिशोब. नियमात एक कलम होतं, त्या लाकडात राहणाऱ्या संरक्षित जिवांचं नुकसान होता कामा नये. आणि त्या कलमाला उत्तर म्हणून वैजयंतीची बाटली तयारच होती. एका हेक्टरातलं लाकूड उचलायचं आणि त्या बदल्यात चाळीस सांबऱ्या भुंगे सोडायचे. सरकारी भाषेत त्याला 'भरपाई प्रजनन' म्हणायला लागले. परवान्याच्या कागदावर तज्ज्ञ म्हणून तिची सही लागत होती.

पहिल्या उताराचे ओंडके ट्रकमध्ये चढत होते तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. ती त्यांना समजावत होती, की भुंगे कमी होणार नाहीत, उलट वाढतील, आकडे आहेत. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी त्याला वाचवायला बाटलीत घातलासा," ते म्हणाले. "आता त्याचं घर हाय कशाला, असं ही मान्सं म्हनत्यात. आनि सही तुमची."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

त्या मेलेल्या अळ्यांचं ढेकूळ टेबलावर ठेवून वैजयंती दुपारपर्यंत बसून राहिली. मग तिने कामाला सुरुवात केली. बाटलीतल्या नवव्या पिढीच्या सहा माद्या आणि फ्रीजरमध्ये जुन्या काळापासून जपलेल्या दोन रानातल्या माद्या तिने भिंगाखाली उघडल्या. मादीच्या पोटाच्या टोकाशी, अंडी बाहेर येतात त्या वाटेवर, एक इवलीशी पिशवी असते. ती असते हे पुस्तकात होतं. ती कशासाठी असते यावर दोन-तीन निबंध होते, पण तिने ते कधी मनावर घेतले नव्हते. रानातल्या माद्यांच्या पिशव्या रव्यासारख्या पांढऱ्या कणांनी गच्च होत्या. बाटलीतल्या सहाही माद्यांच्या पिशव्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

ते निबंध तिने आता काढून वाचले. कण यीस्टचे होते. लाकडातली जी साखर अळीला स्वतःला पचत नाही, ती हे यीस्ट पचवतं. मादी अंडं घालताना त्यावर पिशवीतलं थोडं यीस्ट लावते, आणि अळी बाहेर आल्यावर पहिला घास घेते तो त्याचाच. हे मादीला मिळतं कुठून, तर तिच्या स्वतःच्या कोषाच्या खोलीतून. अळी असताना तिने ती खोली बांधलेली असते, भिंतींना तिच्या पोटातलं यीस्ट लागलेलं असतं. पंख फुटल्यावर मादी बाहेर पडण्याआधी ती पिशवी उलटी करून भिंतीवर घासते आणि आपला वाटा भरून घेते.

बाटलीत भुसा आधीच पचलेला असल्यामुळे यीस्टवाचून काही अडत नव्हतं. म्हणून नऊ पिढ्या कुणाला पत्ता लागला नाही. आणि खोली तर सातव्या पायरीला फोडून टाकली जात होती.

दुसऱ्या दिवशी तिने केतकी राजाध्यक्षला बोलावलं. केतकी तिचीच विद्यार्थिनी, आता केंद्राची संचालक. तिने भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्चीत मागे टेकली.

"किती जणांना माहीत आहे, मॅडम?"

"तुला, मला आणि झोरेमामांना. त्यांना कारण माहीत नाही, पण परिणाम आपल्या आधी माहीत होता."

"मग उपाय आहे. किंजळीची घळ अजून उचललेली नाही. परवाना झालाय, पण काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. त्याआधी आपण तिथले दहा ओंडके आणू, यीस्ट वेगळं काढून प्रयोगशाळेत वाढवू आणि बाटलीत मिसळू. तेरावी पायरी. बाहेर बोलायची गरजच नाही. सुधारित पद्धत म्हणून जाहीर करता येईल."

वैजयंतीला हे सुचलं नव्हतं असं नाही. रात्रभर तिने हाच विचार केला होता, आणि तो चालण्यासारखा होता हेच त्यातलं अवघड होतं.

"आणि घळ?"

"घळीचा परवाना आपण दिलेला नाही. आपण फक्त भुंगे देतो."

"केतकी, यीस्ट हरवलंय हे मला नऊ वर्षांनी कळलं, तेही एका माणसाने लाकूड आणून टेबलावर आपटलं म्हणून. आणखी काय हरवलंय हे मला माहीत नाही. ते शोधायचं झालं तर कुठे जाऊन शोधू? घळ उचलल्यावर?"

"मॅडम, प्रजनन विभागात चौतीस माणसं आहेत."

"माहीत आहे. त्यातली वीस मीच कामावर घेतलेली आहेत."

केतकीने भिंग बाजूला सारलं. मग उठली. "तुम्ही समितीसमोर गेलात तर पद्धत मागे घ्यावी लागेल. तुमचं नाव जाईल त्याच्यासोबत."

"नाव त्या परवान्यावरही आहे," वैजयंती म्हणाली.

परवाना समितीची सुनावणी पंधरा दिवसांनी झाली. वैजयंतीने नऊ पिढ्यांचे आकडे, पिशव्यांची छायाचित्रं आणि ते ढेकूळ काचेच्या पेटीत घालून समोर ठेवलं. सोडलेल्या लाखभर भुंग्यांपैकी एकाचीही संतती रानात जगल्याचा पुरावा नाही, हे तिने सांगितलं. पद्धत तिची होती, दोष सातव्या पायरीत होता, आणि ती पायरीही तिचीच होती. एका सदस्याने विचारलं, "म्हणजे आपण इतकी वर्षं सांगत होतात ते खोटं होतं?"

"मला खरं वाटत होतं," ती म्हणाली. "तपासायला हवं होतं, ते केलं नाही."

किंजळीच्या घळीचा परवाना रद्द झाला. पलीकडचे तीन उतार आधीच साफ झाले होते, ते परत येणार नव्हते. प्रजनन विभाग बंद झाला. निरोपाच्या दिवशी वैजयंतीने चौतीस जणांना एकेकट्याला भेटून सांगितलं, कुणी ऐकून घेतलं, कुणी पाठ फिरवली. केतकी तिला भेटलीच नाही.

मामांना कारण सांगायला ती स्वतः वाडीवर गेली. या वेळी ते घरी होते. अंगणात बसून तिने पिशवीचं, खोलीचं, भिंतीवर घासण्याचं सगळं सांगितलं. मामांची सून पार्वती उंबऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होती. मामांना यीस्ट हा शब्द काही लागला नाही. पार्वतीच म्हणाली, "म्हंजी इरजान की ओ. आई पोरीला इरजान देती. तुमी भांडं घासूनच ठेवलंसा, मग दही लागंल कसं?"

वैजयंतीने बत्तीस वर्षांत इतकं नेमकं वाक्य लिहिलं नव्हतं. तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. मामांनी दुसरीकडे पाहिलं, सुनेला ताक आणायला सांगितलं आणि मग विचारलं, "आता बाटल्यातल्यांचं काय?"

प्रश्न खरा होता. साफ झालेल्या तीन उतारांवरच्या सांबऱ्यांचा वंश आता फक्त त्या बाटल्यांत उरला होता; बाटलीतल्या पहिल्या माद्या तिने तिथूनच आणल्या होत्या. त्यांना रानात जायचं तर विरजण हवं होतं, आणि प्रजनन विभाग बंद झाल्यावर ते मिळण्याची एकच जागा उरली होती, रानातल्या मादीने सोडून दिलेली कोषाची खोली. घळीतले म्हातारे ओंडके न फोडता, कडेने अलगद उकलून अशा रिकाम्या खोल्या शोधायच्या, बाटलीतला मादीचा कोष त्यात ठेवायचा, वरून भुसा लिंपायचा आणि वाट पाहायची. असं कुणी केलेलं नव्हतं. होईल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं.

चैत्रात एक दिवस केतकीची गाडी वाडीच्या वाटेला लागली. मागच्या सीटवर कापसात ठेवलेले कोष होते, शेवटच्या बाटल्यांमधले. ती उतरली आणि पेटी वैजयंतीच्या हातात देत म्हणाली, "सगळे मादीचे आहेत. मी निवडलेत. सातवी पायरी मीच करायचे, विसरलात का?" तिने चहा घेतला नाही, पण गाडी लगेच वळवलीही नाही. मामा आणि वैजयंती ओंडके उकलत होते तिथे ती तास-दीड तास उभी राहिली, आणि मग कुणी न सांगता बाह्या दुमडून भुसा कालवायला बसली.

अख्ख्या रिकाम्या खोल्या नऊच सापडल्या. बाकीच्या मुंग्यांनी आणि पावसापाण्याने मोडल्या होत्या. नवांपैकी चार कोष मेले. मृग लागल्यावर पाच माद्या ओंडक्याच्या तोंडाशी आल्या, एका आठवड्यात, एकेक करून. वैजयंतीने त्या ओल्या शेवाळाच्या डब्यात ठेवल्या. पलीकडच्या उतारावर, दरड कोसळली तेव्हा मातीखाली गाडले गेल्यामुळे कारखान्याच्या नजरेतून सुटलेले सात जुने ओंडके मामांनी हेरून ठेवले होते. रानातले चार नर तिथे आधीच नेऊन सोडले होते.

दिवस उतरणीला लागला होता. पार्वतीने मामांना हात धरून तिथवर आणलं होतं. ते दगडावर टेकले आणि डब्यात डोकावले.

"इरजान घेतलं का ह्यांनी?"

"ते कापल्याशिवाय कळणार नाही, मामा. पिशवी आत असते."

"कापून बघायचं असतं व्हय?"

"नियमाने बघायला हवं. निदान एक."

ती बॅगेतली लहान पेटी काढून बसली होती. चिमटा, पाती, भिंग. आयुष्यात तिने शेकडो माद्या उघडल्या होत्या आणि हात कधी अडला नव्हता. मागे एकदा न तपासता विश्वास ठेवला त्याचं काय झालं हेही ती विसरली नव्हती. पण पाचांतली एक कापून बाकीच्या चौघींबद्दल काय कळणार होतं? एकीची पिशवी भरलेली निघाली तर एवढंच कळणार की जी भरलेली होती तीच आपण मारली. रिकामी निघाली तरी बाकीच्यांना इथेच सोडावं लागणार होतं, दुसरी जागा नव्हती. दुसरा मार्ग होता तो ओंडके फोडून अळ्या बघण्याचा, आणि तिसरा नुसता थांबण्याचा.

तिने पेटी मिटली आणि डब्याचं झाकण काढलं. पहिली मादी कडेवर आली, मिशा हलवत थोडा वेळ थांबली आणि ओंडक्याखालच्या ओल्या मातीत डोकं खुपसून पायांनी माती मागे लोटायला लागली. एकेक करत पाचही आत गेल्या. वैजयंतीने वही काढून तारीख लिहिली, ओंडक्याचा क्रमांक लिहिला. पिशवीच्या रकान्यात लिहिलं, 'तपासलं नाही.' मग थोडा विचार करून त्यापुढे स्वतःची सही केली.

"कधी कळंल मग?" मामांनी विचारलं. ते आता एकोणऐंशीचे होते.

"पिल्लं जगली तर चार वर्षांनी भुंगे बाहेर येतील. तेव्हा."

मामांनी माद्या मातीत नाहीशा झाल्या त्या जागेकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. पार्वती धरायला पुढे झाली तिला त्यांनी थांबवलं.

"चार वर्सं," ते म्हणाले. "बघू की."